पोट सुटलेली अक्षरं आणि मावशीच्या खानावळीची पाटी

अक्षरवेडी_टिळकवाडी

नमस्कार मंडळी,

माझी मावशी खानापुरात खानावळ काढायलीय. नाव साधंच, 'अन्नपूर्णा घरगुती खानावळ'. पाटीचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात अक्षरांचं वेड मलाच. पत्रा ८ फूट लांब, ३ फूट उंच. मावशीची मागणी एकच : "अक्षरं अशी काढ की बघूनच जेवल्यासारखं वाटलं पाहिजे."

हे ऐकलं आणि डोळ्यासमोर 'मोदक'च आला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या गटाचा हा देवनागरी फॉन्ट, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. ही अक्षरं आधी कागदावर हातानं काढली गेली आणि मग त्यांचा फॉन्ट झाला. देवनागरी अक्षर किती म्हणजे किती जाड करता येईल, तरी वाचता येईल, हे बघायचं म्हणून केलेलं काम आहे ते. एरवी आपण काळी रेघ बघतो आणि मधली पांढरी जागा आपोआप उरते. इथं उलटं आहे. काळा गोळाच गोळा, आणि त्यात सुरीनं चिरल्यासारख्या पांढऱ्या बारीक फटी. म कुठला आणि भ कुठला ते त्या फटी सांगतात. मात्रा, उकार, वेलांटी आली की आतली फट वळण बदलते, म्हणजे अक्षराचं वजन सगळीकडं सारखं राहतं. नाव किती अचूक ठेवलंय बघा, बाहेरून मऊ आणि आतून भरलेलं.

मी 'घरगुती खानावळ' एवढेच शब्द मोठ्या कागदावर छापून गच्चीच्या भिंतीला चिकटवले आणि मागं मागं चालत गेले. १० फुटांवर बघितलं तर पोट भरलं. ळ ची दोन्ही पोटं मस्त तट्ट फुगलेली, ख चा र आणि व एकमेकांना बिलगलेले. ३० फुटांवर 'घरगुती'चा 'धरगुती' झाला. त्याच्याही मागं गेले तर ळ च्या फटी बुजल्या आणि नुसता काळा ढेकूळ राहिला. मावशीच्या दारासमोरून बेळगाव-खानापूर रस्त्याची वाहतूक जाते. गाडीतल्या माणसाला तीन-चार सेकंद मिळणार.

दुसरी अडचण कन्नडची. कर्नाटकच्या भाषा कायद्यात २०२४ ला झालेल्या दुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नड पाहिजे, आणि तोही वरच्या बाजूला. 'मोदक'मध्ये देवनागरी आहे, रोमन आहे, कन्नड नाही. वर सरळसोट सरकारी छापाचं कन्नड आणि खाली गुबगुबीत मराठी, असं केलं तर दोन वेगळ्या दुकानांच्या पाट्या एकावर एक ठोकल्यासारखं दिसतंय. करून बघितलं, म्हणून सांगते.

तर विचारायचं हे : असा जाड, खेळकर, हातानं काढल्यासारखा टाइप तुम्ही कुणी प्रत्यक्ष वापरलाय का? कशावर? आणि आपल्या भागात, जिथं प्रत्येक पाटीवर दोन लिप्या येतात, तिथं काय करता?

---

खानापुरी_पाऊस

फोटो टाका की. आणि खानावळ नेमकी कुठं आहे ते पण सांगा, आम्ही रोज त्याच रस्त्यानं जातोय.

---

निपाणीकर_रेडियम

ताई, मी रेडियम कटिंग करतो. उसाच्या ट्रॉल्या, टेम्पो, डंपर, सगळं येतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी महिनाभर नुसत्या ट्रॉल्या. मागच्या फळीवर नाव, आई-वडिलांचा आशीर्वाद, गावाचं नाव.

'मोदक' मी एकदा लावला. गिऱ्हाईक तरणा पोरगा, त्याला तोच पाहिजे होता. कटिंग झालं झ्याक. आता त्यातल्या फटी सोलून काढायच्या. माझ्या हाताच्या हिशेबानं फट २ मिलिमीटरच्या खाली गेली की ती चिमट्यात येत नाही, आली तर शेजारचं अक्षर घेऊन येते. एका नावाला दीड तास बसलो. फळीभर मोठं अक्षर असेल तरच तो घ्यायचा. नंबर प्लेटखाली बारीक नाव घालायचं असलं तर अजिबात नको.

टी-शर्टच्या छपाईला पण हेच. शाई पसरली की फट गायब.

तुमच्या कामाला मी 'बालू' सांगीन. तो पण एक टाइपचाच, फुकट मिळतो. जाडी सगळीकडं एकसारखी, टोकं गोल, अंगानं भरलेला, पण पोटात हवा आहे. पहिल्यांदा आला तेव्हा एकाच जाडीत होता. आता 'बालू २'मध्ये ५ जाड्या आहेत, रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत. आणि कन्नडमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे, 'बालू तम्मा'. तुमची अर्धी अडचण तिथंच सुटली.

---

बैलहोंगलकर

निपाणीकरांनी भाऊ म्हटलं ते शब्दशः खरं आहे. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. हे अख्खं कुटुंबच तसं नाव ठेवून केलंय. गुजरातीत 'भाई', पंजाबीत 'पाजी', बंगालीत 'दा', तमिळमध्ये 'तंबी', तेलुगूत 'तम्मुडू', मल्याळममध्ये 'चेट्टन', ओडियात 'भैना'. नऊ भारतीय लिप्या, आणि प्रत्येकीला तिच्या घरातली हाक. मी कन्नड शाळेत शिकवतो, घरात मराठी बोलतो. मला हे नावं ठेवणं फार आवडलं.

आता कन्नड बाजूनं दोन गोष्टी सांगतो, कारण मराठी माणूस पाटी करताना कन्नड ओळ कुणाकडून तरी लिहून घेतो आणि चिकटवतो, तिच्याकडं बघत नाही.

कन्नडला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर सुटी टोपी असते, तिला तलेकट्टु म्हणतात. अक्षरं गोल आणि रुंद. त्यामुळं तेच नाव कन्नडमध्ये जास्त लांबी खातं. जाड फॉन्टमध्ये कन्नडच्या द आणि ध कडं लक्ष द्या. दोघांत फरक फक्त खालच्या छोट्या उभ्या चिरेचा. प आणि फ चं तेच, ड आणि ढ चं पण तेच. जाडी वाढवत गेलात की पहिली जाते ती ही चीर, आणि 'धाबा'चा 'दाबा' होतो. व आणि प आधीच एकमेकांसारखे, त्यांची वरची बाजू उघडी की मिटलेली एवढाच काय तो फरक. 'तम्मा'मध्ये मला हे सगळं शाबूत दिसलं.

दुसरं, जोडाक्षर. आपण न्न शेजारी-शेजारी लिहितो. कन्नडमध्ये दुसरा न खाली लोंबतो, त्याला ओत्तक्षर म्हणायचं. तुमच्या 'अन्नपूर्णा'त तो येणार. आणि 'र्णा'चा रफार आपल्याकडं डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये तो अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसतो, अर्कावत्तु. म्हणजे वरच्या कन्नड ओळीला खाली जागा पाहिजे आणि खालच्या मराठी ओळीला वर जागा पाहिजे. दोन्ही मधल्या पट्टीतच मागायला येणार. तिथं भांडण ठरलेलं.

'खानावळ' मात्र तुम्हाला सोपा शब्द मिळाला. कन्नडमध्ये खानावळीच म्हणतात. हुबळी-धारवाडपर्यंत कुणालाही विचारा.

---

सांबरा_विमानतळ

६० टक्क्यांच्या नियमावर कुणी बोलणार आहे की नाही? आपल्या भागात मराठी अक्षर लहान का करायचं?

---

अक्षरवेडी_टिळकवाडी

@सांबरा_विमानतळ, दादा, तुमच्या पोटातलं मला कळतंय. माझ्या आजोबांच्या दुकानाची पाटी आम्ही अजून माळ्यावर जपून ठेवलीय. पण त्या विषयाला स्वतंत्र धागा पाहिजे, इथं दोन पोस्टींत तो मावणार नाही. मावशीला पुढच्या महिन्यात चूल पेटवायचीय. मला जी जागा मिळालीय तिच्यात मराठी इतकं देखणं करायचंय की लहान असून आधी नजर तिथंच जावी.

@बैलहोंगलकर सर, ओत्तक्षराचं तुम्ही सांगितलंत आणि मी तेवढ्यात करून बघितलं. न चं शेपूट थेट आमच्या 'अन्नपूर्णा'च्या शिरोरेषेला टेकलं. ओळी एकमेकींपासून लांब सरकवायला गेले तर मराठी ओळीचा उकार फ्रेममध्ये जायलाय. उद्या परत बसते.

---

हल्याळची_लेक

फुकट फुकट म्हणताय, पण धंद्याला वापरला तर उद्या कुणी नोटीस पाठवणार नाही ना? आमच्या इथं एका बेकरीवाल्याला फोटोसाठी असं झालं होतं, म्हणून विचारते.

---

अक्षरवेडी_टिळकवाडी

नाही ताई. 'मोदक', 'बालू', 'तम्मा' हे सगळे मुक्त परवान्यावर आहेत, ओपन फॉन्ट लायसन्स. पाटी, खोका, पिशवी, जाहिरात, पुस्तक, कशालाही वापरा, पैसे द्यायचे नाहीत, विचारायचं नाही. फॉन्टमध्ये बदलही करता येतो. नुसता फॉन्टच उचलून स्वतंत्रपणे विकायचा नाही, हे मुख्य बंधन आहे. गूगल फॉन्ट्सवरून उतरवून घ्या. कुठल्या तरी 'हजार मराठी फॉन्ट' असल्या पेनड्राइव्हमधून घेऊ नका. त्यात काय जुनं-पुराणं असतंय सांगता येत नाही.

---

चित्ररथ_वडगाव

पेनड्राइव्हवरून आठवलं. आमच्या मंडळाचं सांगतो.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून : आमच्याकडं शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात असते, रात्रभर चालते. प्रत्येक गल्लीचं मंडळ ट्रॉलीवर जिवंत देखावा उभा करतं. देखाव्यावर नावाची पट्टी लागते, १२ फुटांची. गेल्या खेपेला विषय राज्याभिषेक. मी घरी 'बालू २'मध्ये पट्टी केली, बघून सगळी पोरं खूश. फाइल एका छपाईवाल्याला दिली. त्याच्याकडं कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. रात्री ११ वाजता पट्टी उलगडली तर 'राज्याभिषेक'चं काय झालेलं! ज चा पाय मोडलेला, खाली तिरकी काडी. भ ची वेलांटी ष च्या डोक्यावर जाऊन बसलेली. महाराजांच्या देखाव्यावर ते लावायचं? मी रडकुंडीला आलो होतो. शेवटी पांढऱ्या कापडावर भगव्या रंगानं हातानं लिहिलं. आमच्यातला एक जण शाळेत फळा लिहायचा, त्यानं.

नंतर शिकलो ते सांगतो. एक, फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून द्यायची, म्हणजे ती चित्र होतात आणि समोरच्याच्या मशीनवर काहीही असलं तरी मोडत नाहीत. पण कर्व्ह करायच्या आधी स्पेलिंग तीन माणसांकडून वाचून घ्यायचं, कारण नंतर काही दुरुस्त होत नाही. दोन, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत दक्षिण आशियाई मजकुराची मांडणी चालू करावी लागते, ती नसली तर तिथंही वेलांट्या पळतात. मी आता इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्येच करतो, तिथं जोडाक्षरं आपोआप बरोबर येतात.

---

निपाणीकर_रेडियम

+१. आणि जुन्या डीटीपीवाल्यांकडं मजकूर श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, कन्नडवाल्यांकडं तसल्याच नुडीत. तो मजकूर युनिकोड नाही, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या एकाच पद्धतीत नाही. त्याला निवडून 'बालू' लावला तर नुसती इंग्रजी चिन्हं येतात. गिऱ्हाईक म्हणतंय फॉन्ट खराब आहे. फॉन्ट खराब नाही, मजकूरच दुसऱ्या पद्धतीनं टाइप झालाय. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, नाहीतर सरळ नव्यानं टाइप करायचा.

---

येळ्ळूरची_ताई

मी बालवाडीत आहे. माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा.

जाड, गंमतीशीर अक्षरं मुलांना आवडतात हे खरंच. म्हणून मी तक्त्यावर अख्खी मुळाक्षरंच 'मोदक'मध्ये छापून लावली होती. मुलं अक्षरावर बोट ठेवायची आणि थांबायची. बोट फिरवायचं कुठून? रेघच नाही, सगळा गोळा. एका पोरीनं क वर बोट ठेवलं आणि पांढऱ्या फटीतून फिरवलं. मग तिनं पाटीवर ती फटच काढली! मला त्या दिवशी कळलं की तिचं काही चुकलं नाही, तिला दिसली ती रेघ तीच.

तक्ता बदलला. आता बोट फिरवायच्या अक्षरांना 'बालू'ची मधली जाडी वापरते. तिथं रेघ एकसारखी आहे, सुरुवात-शेवट कळतो. 'मोदक' टाकला नाही मात्र. त्याची नुसती बाह्यरेषा छापते, आत कोरं, आणि मुलांना रंगवायला देते. एवढं मोठं पोट असलेलं अक्षर रंगवायला दुसरं कुठलं मिळणार? 'आ' मध्ये आंबे काढतात, 'ह' मध्ये हत्ती. एका मुलानं 'प' मध्ये पाऊस काढलाय, तो मी काढून ठेवलाय.

---

शहापूरचा_पेंटर

पोरी, मी ४० वर्षं पाट्या रंगवतोय. शहापूर, वडगाव, अनगोळ, मच्छे, पार संकेश्वरपर्यंत. नातवानं हा धागा वाचून दाखवला, आता मी सांगतोय आणि तो टाइप करतोय.

तुम्ही ज्याला खेळकर टाइप म्हणताय तो आम्ही ब्रशनं करतच होतो. मिठाईचं दुकान आलं की अक्षर फुगवायचं. हार्डवेअर आलं की चौकोनी. सायकलवाल्याला पळतं, तिरकं. सोनाराला बारीक आणि टोकदार. कुणी शिकवलं नाही, उस्तादाचं बघून शिकलो. तो म्हणायचा गिऱ्हाईक काय विकतोय ते अक्षरात दिसलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या नाटकांच्या जाहिराती पेपरात यायच्या, त्यांची नावं कमल शेडगे काढायचे. आम्ही ती कापून वहीत चिकटवायचो. प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं, त्या नाटकासाठीच काढलेलं. ती वही माझ्याकडं अजून आहे.

मग फ्लेक्स आलं. दोन तासात पाटी तयार. आमच्यातले निम्मे लोक सुटले, कोण रिक्षा चालवतोय, कोण उद्यमबागला फाउंड्रीत गेला. २०१६ ला राज्यानं प्लास्टिकवर बंदी घातली, त्यात फ्लेक्स पण होतं. तेव्हा थोडं काम परत आलं. कापडी फलक, भिंती. आता पोरं कॉम्प्युटरवर अक्षर करून आणतात आणि म्हणतात मामा असंच्या असं रंगवा. मला वाईट वाटत नाही. अक्षर चांगलं असलं तर रंगवायला हात शिवशिवतो.

आता तुझ्या पाटीचं. फ्लेक्स करू नको. खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस तुला माहीत आहे. फ्लेक्स दोन पावसाळ्यात फिकं पडतंय आणि वाऱ्यानं कडा फाटतात. पत्र्यावर आधी प्रायमर, मग तळाचा रंग दोन हात, मग अक्षर एनॅमलनं.

जाड अक्षर रंगवायची रीत वेगळी. तू कागद पूर्ण मापात छापून आण. मी कडेकडेनं टाचणीनं भोकं पाडतो, पत्र्यावर कागद लावतो आणि खडूची भुकटी बांधलेली पुरचुंडी त्याच्यावर आपटत नेतो. कागद काढला की पत्र्यावर ठिपक्यांचं अक्षर उमटतंय. मग आधी आतल्या पोकळ्या. ळ च्या पोटातल्या दोन, घ मधली, व मधली. त्यांच्या कडेनं बारीक ब्रश फिरवून त्या आधी राखून घ्यायच्या आणि मग बाहेरचं भरायचं. नवीन पोरगा आधी बाहेरनं भरत येतो आणि आत पोचेपर्यंत पोकळी बोटभर उरते. एनॅमल उभ्या पत्र्यावर खाली उतरतंय, ते आणखी आत येतंय. म्हणून मी पोकळी कागदापेक्षा सुताभर मोठीच ठेवतो. वाळल्यावर ती बरोबर होते.

'मोदक' का काय म्हणता, त्याचा कागद नातवानं दाखवला. देखणा आहे, ज्यानं काढला त्याचा हात पक्का आहे. पण ६ इंचाच्या अक्षरात तेवढी बारीक फट ब्रशनं राखायची म्हणजे मला चाळिशीवर आणखी एक चाळिशी लागेल. आणि राखली तरी एका पावसाळ्यात तिच्यात धूळ आणि शेवाळ बसणार. अक्षर दोन फुटाचं असलं तर मी आनंदानं करतो. एखाद्या भिंतीवर एकच शब्द असेल तर सांग.

किती लांबून वाचता येईल म्हणशील तर आमचा ढोबळ हिशेब, १ इंच अक्षर १० फुटांवरून नीट वाचता येतंय. हा साध्या अक्षराचा. फुगवलेल्या अक्षराला त्याच्यातून थोडं वजा कर.

---

अक्षरवेडी_टिळकवाडी

मामा, तुमची पोस्ट मी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मावशी म्हणाली, "याच माणसाकडनं करून घे." तुमचा पत्ता मला नातवाकडून निरोपात मिळाला. मी येते.

तोवर झालेलं काम सांगते.

पत्र्याची उंची ३६ इंच. ६० टक्के म्हणजे वरचे २१.६ इंच कन्नडला, उरलेले १४.४ मराठीला. कन्नड अक्षर आधी ११ इंचाचं घेतलं. बैलहोंगलकर सरांनी म्हटलं तसंच झालं, ओळ पत्र्याच्या बाहेर जायला लागली. कमी करत करत ९ इंचावर बसली. मग मराठी ६ इंच. ९ आणि ६, म्हणजे अक्षरांचं प्रमाणसुद्धा नेमकं ६०-४० आलं. मामांच्या हिशेबानं मराठी ओळ ६० फुटांवरून वाचता यायला पाहिजे, फुगवट्याचं वजा करून ५० धरू. रस्त्याच्या पलीकडून सहज दिसेल.

मधल्या पट्टीतलं भांडण असं मिटवलं : मराठी ओळ डावीकडून सुरू न करता थोडी आत सरकवली. आता ओत्तक्षराचं शेपूट 'अ'च्या आधीच्या मोकळ्या जागेत उतरतं आणि आमचा रफार कन्नडच्या दोन शब्दांमधल्या जागेखाली येतो. दोन्ही ओळी एकमेकींत अडकवल्यासारख्या बसल्या. मला वाटलं होतं तडजोड होईल, पण आधीपेक्षा चांगली दिसायलीय.

अक्षर 'बालू २', एक्स्ट्रा बोल्ड, वर 'तम्मा', तीच जाडी. गच्चीवर परत चाचणी घेतली. ३० फुटांवर घ हा घ च राहिला. ख चा 'रव' झाला नाही.

आणि 'मोदक' मी सोडलेला नाही! आत शिरल्या शिरल्या समोर मोठी भिंत आहे, चुलीच्या बाजूची. तिथं मामांच्या हातानं दोन फुटाचा एकच शब्द, 'भाकरी'. तिथं पाऊस नाही आणि माणूस सात-आठ फुटांवर पाटावर बसलेला असणार. वाढेपर्यंत बघत बसेल.

---

बैलहोंगलकर

छान झालंय. एक सुचवतो. कन्नड ओळ शेवटी एकदा मला पाठवा, मी आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंना दाखवतो. 'अन्नपूर्णा'चा शेवट कन्नडमध्ये ऱ्हस्व लिहायची पद्धत आहे, मराठीसारखा काना देऊ नका.

---

अक्षरवेडी_टिळकवाडी

बरं झालं सांगितलंत, मी काना दिला होता! काढला. पाठवते.

---

येळ्ळूरची_ताई

पदार्थांची यादी पण करणार ना? 'भाकऱ्या' नीट लिहा बरं का. बऱ्याच ठिकाणी 'भाकर्‍या'च्या जागी य च्या डोक्यावर रफार दिलेला असतो, मुलं तेच शिकतात.

---

अक्षरवेडी_टिळकवाडी

होय ताई. ऱ साठी युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे, खाली टिंब दिलेला ऱ. तो टाइप करून मग हलंत आणि य दिला की पापणीसारखा र येतो. फोनच्या मराठी कीबोर्डवर र दाबून धरला तर बहुतेक वेळा सापडतो. 'बालू २'मध्ये मी 'भाकऱ्या', 'कोऱ्या', 'दऱ्या' सगळं लिहून बघितलं, बरोबर आलं. यादीला रेग्युलर जाडी घेतलीय. जाडीत यादी केली तर वाचणाऱ्याला सगळेच पदार्थ ओरडायलेत असं वाटतंय.

---

खानापुरी_पाऊस

रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन' पण बघा एकदा. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरची ती जुनी अक्षरं. त्याच्यात ब्रशची वळणं आहेत. आमच्या घराच्या नावाला वापरलाय.

फोटो अजून आला नाही.

---

शहापूरचा_पेंटर

कन्नड ओळ पूर्ण झाली. मराठी पहिला हात झाला. ळ च्या दुसऱ्या पोकळीत रंग थोडा उतरलाय, वाळला की ब्लेडनं खरवडून काढतो आणि मग दुसरा हात. सोमवारी ये. येताना भिंतीच्या 'भाकरी'चा कागद पूर्ण मापात आण, चिकटपट्टीनं जोडलेला चालेल.

---

अक्षरवेडी_टिळकवाडी

येते मामा. कागद आणते. तुमच्यासाठी आणि नातवासाठी कुंदा पण आणते.